एक फूल न खुडता

गाव, ४ ऑक्टोबर १९८६

चि. मेल्पोस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कुंडीतल्या फुलाचा फोटो काढायला तू स्टुलावर चढलीस आणि पाय मोडून घेतलास, असं तुझ्या बापाने कळवलं. फूल खाली, बाई वर, आणि शेवटी बाई फुलाच्याही खाली! त्या फोटोच्या वर्गात हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात का गं? शेजारची पोलिक्सेनी म्हणते, आजारी माणसाला असं लिहू नये. पण हात तिचा असला तरी तोंड माझं आहे, तेव्हा तिने मुकाट लिहावं.

तुला कुणाची तरी दृष्ट लागली असणार. इथूनच तीनदा थुंकून फ्तू-फ्तू केलं आहे, पोहोचलं का ते कळव.

बातमी एवढीच की आपल्या शेतात केशर यंदा शेवटचं. कंद म्हातारे झालेत. उन्हाळ्यात ते उकरून दुसऱ्या जमिनीत लावायला हवेत, आणि माझे गुडघे तयार नाहीत. शेत बांधापलीकडच्या थोमासला द्यायचं कबूल केलं आहे. तू रडू नकोस, मीही रडलेली नाही.

इकडे लोभ पुरेसा आहे. कमी पडला तर कळवीन.

तुझी आजी झाफिरो

*

थेसालोनिकी, ११ ऑक्टोबर

ती. आजीस मेल्पोचा सा. न. वि. वि.

फ्तू-फ्तू पोहोचलं. पाय मात्र मोडलेलाच आहे.

तुझं पत्र वाचून मी घरातले सगळे जुने फोटो काढून बसले. केशराचे आहेत ते टेबलावरच्या खुडलेल्या ढिगाचे. मातीत उभं असलेलं एकही फूल आपल्याकडे नाही. फुलं येतील तेव्हा मी प्लास्टरमध्ये, आणि पुढच्या वर्षी शेत थोमासकाकांचं. म्हणजे मला ते कधीच मिळणार नाही. म्हणून फोटो तू काढायचास.

हसू नकोस. बसवाल्याबरोबर कॅमेरा आणि एक जादा रोल पाठवते आहे. सगळं लावून ठेवलंय, तू फक्त बटण दाबायचं. भिंगाला एक दोरा बांधलाय, त्याच्या टोकाला निळा मणी आहे. मणी फुलाला टेकला की अंतर बरोबर. ऊन वर यायच्या आत जा, पोटावर झोप, आणि फूल तुझ्या नि सूर्याच्या मध्ये येऊ दे. मग पाकळ्या आतून दिवा लावल्यासारख्या दिसतात. फुलाचं तोंड काळं दिसलं तर अलीकडून पांढरी ताटली धर, तिचा उजेड त्याच्यावर पडेल. वारा असला तर थांब.

आणि एक सांग. संध्याकाळी केशराचं फूल काय करतं, मिटतं का? वर्गात एकाने विचारलं, आणि केशरवाल्यांची नात म्हणाली, आजीला विचारून सांगते.

तुझ्या पत्राची वाट बघण्यापलीकडे मला दुसरा उद्योग नाही.

तुझी मेल्पो

*

गाव, २७ ऑक्टोबर

चि. मेल्पोस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मिटतं का, ते मला ठाऊक नाही! जन्म केशरात गेला, पण संध्याकाळी शेतात उरलेलं फूल मी पाहिलेलंच नाही. उमललं की खुडलं. थोमासला विचारलं, तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला. पाद्रीबाबा म्हणाले, देवाची इच्छा असेल तसं करत असेल. म्हणजे त्यांनाही माहीत नाही. आता मला झोप लागत नाही, याला जबाबदार तू.

फोटोचं सांगते. पहाटे पोतं अंथरून पालथी पडले. मणी फुलाला टेकवायला डावा हात पुढे केला. पण तो हात फुलापाशी गेला की त्याला एकच काम येतं. कॅमेरा टक् म्हणेपर्यंत फूल माझ्या एप्रनमध्ये. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच. तेवढ्यात मी मेले असं समजून थोमास धावत आला.

उद्या पोलिक्सेनी मणी धरणार आहे आणि माझा डावा हात माझ्याच पोटाखाली राहील. (काकूंनी मला दव पडलेल्या मातीत झोपवायचं ठरवलं आहे. — पो.) एका फुलाशेजारी लाकडी चमचा रोवलाय, म्हणजे ते कुणी खुडणार नाही. त्याच्यावर माझी नजर राहील.

दोन्ही रोल बसवाल्याकडे देईन. फार चांगलं निघालं तर लोभ वाढव.

आजी

*

थेसालोनिकी, ८ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

पहिल्या रोलमध्ये तुझी बोटं आहेत आणि थोमासकाकांचे बूट. दुसऱ्यात बरीच माती, पोलिक्सेनीकाकूंचं नाक, आणि मग, आजी, ते फूल! मागून ऊन, जांभळ्या पाकळ्यांच्या शिरा न् शिरा दिसताहेत, लाल तंतू बाहेर लोंबलेले, आणि पाकळीच्या कडेवर दवाचा एकच टपोरा थेंब. तो फोटो पलंगासमोर लावलाय. वर्गातले बघायला आले होते, गुरुजी तर त्या थेंबापाशीच अडकले. असा थेंब मिळायला नशीब लागतं म्हणाले.

आता चमच्याशेजारच्या फुलाचं सांग. माझीही झोप गेली आहे.

मेल्पो

*

गाव, १५ नोव्हेंबर

चि. मेल्पोस अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुरुजींना सांगू नकोस, पण ते दव नाही. भिंगातून ते फूल असं काही दिसलं की दृष्ट लागू नये म्हणून माझ्या तोंडून आपोआप फ्तू-फ्तू निघालं. एक थेंब जरा लांब गेला.

आता ऐक. मिटत नाही! संध्याकाळी गेले, उघडं. झोपायच्या आधी कंदील घेऊन गेले, उघडंच. सकाळी मान टाकलेली, तरी उघडं. एकदा उमललं की मिटायचं कसं हे त्याला येतच नाही. पोलिक्सेनीने डोळे पुसले. मी नाही, मला थंडी वाजत होती.

पण आता नवीनच खाज सुटली आहे. पावसात ते काय करतं? मधमाशी आली तर? म्हणून थोमासला सांगितलं की शेत तुझं, पण उन्हाळ्यात टोपलीभर कंद माझ्या भिंतीपाशी लावून द्यायचे. एवढ्याशा केशराचं काय करणार, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, बघणार.

तेव्हा पुढच्या ऑक्टोबरात दोन्ही पायांवर ये, स्टूल न घेता. दव पडो न पडो, थेंबाला मी आहे.

आजी झाफिरो