न आलेल्या बायकांचे अर्ज

आई,

इथे उज्जैनला, नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत बायकांना छोट्या धंद्यासाठी अनुदान द्यायचं ठरलंय, आणि आलेले अर्ज तपासायच्या समितीत मला घेतलंय. का घेतलं ते विचारू नकोस. शाळेतून रिटायर झालेली, घरी रिकामीच असते, एवढी पात्रता पुरली. आज पहिली बैठक होती. कुणाला ब्यूटी पार्लर काढायचंय, कुणाला टिफिनचे डबे द्यायचेत, एकीला मसाल्याची चक्की हवीय. समितीतला एक तरणा मुलगा एकेक अर्ज उचलून फोन लावत होता. बाई बोलली की अर्ज पुढे, फोन उचलला नाही की अर्ज बाजूला. मी विचारलं, "और जिन्होंने नहीं उठाया?" तो म्हणाला, "आंटी, जिसको गरज होगी वो उठाएगी ना." मुलगा वाईट नाही, मला घरापर्यंत सोडायलाही आला. पण त्याच्या त्या वाक्यानं मला वहिनीसाहेबांचा दिवाणखाना आठवला, आणि आल्याआल्या चहासुद्धा न करता तुला लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या वयाला मी केव्हाच मागे टाकलं. आता समोर आलीस तर मीच तुझी थोरली बहीण वाटेन.

मध्यभारताचं राज्य तेव्हा अजून होतं. ग्वाल्हेरचं जाऊन ते आलं होतं, आणि आता तेही मोडणार, मोठा प्रांत होणार, राजधानी भोपाळला जाणार, असं जो तो सांगत होता. कचेरीतले लोक बदलीच्या काळजीत होते. अशात गरजू बायकांना घरी उद्योग करता यावा म्हणून मदतीची रक्कम मंजूर झाली. नवं राज्य यायच्या आत ती वाटली नाही, तर पुढे कुठल्या कपाटात जाऊन पडेल याचा नेम नव्हता. उज्जैनच्या समितीच्या अध्यक्ष वहिनीसाहेब. त्यांच्या सासरचे लोक पिढ्यानपिढ्या दरबारच्या चाकरीत, त्यामुळे दरबार गेला तरी मान तसाच होता. आणि तू सभासद, कारण तू मुलींच्या शाळेत शिकवायचीस, हिंदी मराठी दोन्ही अर्ज झरझर वाचायचीस. शिवाय तू विधवा, म्हणजे तुला कधीही बोलावून घेतलं तरी घरी कुणी नाराज होणार नाही, हाही हिशेब त्यात असणार. तू तो ओळखला होतास, पण बोलून कधी दाखवला नाहीस.

पैसे द्यायचे तर बाईला पाहायला हवं, तिच्याशी बोलायला हवं. पण कचेरीत बाया यायच्या नाहीत, आणि घरचे धाडायचेही नाहीत. वहिनीसाहेबांनी यावर तोड काढली ती अशी, की अर्ज केलेल्या बायकांना चैत्राच्या हळदीकुंकवाला बोलवायचं. गौरीच्या दर्शनाला जाते म्हटल्यावर कुठला सासरा अडवणार? डाळ खाता खाता, पन्हं पिता पिता वहिनीसाहेब विचारपूस करणार, आणि ज्या पसंत पडतील त्यांचे अर्ज पुढे जाणार. तुलाही ही युक्ती आवडली होती. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, चैत्रासाठी मी माहेरी आले होते, तेव्हा करंडा घेऊन फिरायला मी आयतीच सापडले.

फक्त एक झालं. ज्या अर्जांत नवऱ्याच्या नावामागे कै. किंवा स्वर्गीय होतं, त्या बायकांना बोलावणं गेलंच नाही. वहिनीसाहेबांच्या मनात खोट नव्हती. विधवेला हळदीकुंकवाचं बोलावणं धाडणं म्हणजे तिच्या जखमेवर मीठ चोळणं, असंच त्यांना मनापासून वाटे. खरं सांगायचं तर ते चुकलं असं मलाही वाटलं नव्हतं.

त्या दुपारी दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नाही. गौरीपुढे कलिंगडाची कमळं, वाळ्याचा वास, लुगड्यांची सळसळ. मी प्रत्येकीला हळदकुंकू लावते आहे, मागून एकजण हाताला अत्तर लावते आहे, दुसरी ओटीत भिजवलेले हरभरे घालते आहे. आणि समितीची सभासद आत स्वयंपाकघरात पाट्यावर हरभऱ्याची डाळ वाटते आहे. एक सिंधी बाई भिंतीला टेकून बसली होती. साधी पांढरी सलवार, डोक्यावरून ओढणी. मी तिच्यापुढे गेले तेव्हा ती जरा बावरली, मग बाकीच्यांकडे बघून तिनं कपाळ पुढे केलं. मी कुंकू लावलं. तिनं डोळे मिटून घेतले ते पटकन उघडले नाहीत.

तिला शिवणाचं मशीन हवं होतं. गोपाळमंदिराबाहेर यात्रेकरूंना ठाकुरजींचे, म्हणजे देवघरातल्या बाळकृष्णाचे, पोशाख विकायचे, असं तिच्या मनात होतं. नमुन्याला एक इवलासा घागरा आणला होता, तो सगळ्यांच्या हातांतून फिरला. वहिनीसाहेब अगदी खूश. म्हणाल्या, "हात तो बहुत साफ है आपका. और यजमान क्या करते हैं?"

"वो तो उधर ही रह गए," ती म्हणाली. "बटवारे के साल, दंगों में. मैं बच्चों को लेकर आ गई."

शेजारच्या बाईनं डाळीची वाटी खाली ठेवली. मी करंडा धरून तशीच उभी. तिला कळलं की काहीतरी बिनसलं, पण काय ते कळेना. "मुझसे कोई गलती हुई? फारम में पति का नाम पूछा था, मैंने लिख दिया." वहिनीसाहेब सावरून म्हणाल्या, "नहीं नहीं, आप दाल खाइए." तिनं खाल्ली, सगळी खाल्ली, नमस्कार केला आणि कपाळावरचं कुंकू न पुसता गेली.

बाकीच्या गेल्यावर वहिनीसाहेब अर्ज घेऊन बसल्या. आलेल्यांचे एकीकडे, न आलेल्यांचे एकीकडे. न आलेल्यांवर 'भेट झाली नाही' असा शेरा मारायला त्यांनी मला सांगितलं. सिंधी बाईचा अर्ज त्यांनी पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "हिनं आधी सांगायला पाहिजे होतं. आता हिचा घेतला तर बाकीच्या विधवा म्हणतील आम्हाला का नाही. उगाच परेशानी. हाही तिकडेच टाक."

तेव्हा तू दारात आलीस. उंबऱ्याच्या आतच, हाताला डाळ लागलेली.

"मग माझंही नाव काढा, वहिनीसाहेब. मीही आले नव्हते."

"अहो बाई, असं काय करून राहिल्या तुम्ही? तुम्ही आत होतातच की."

"त्याही आपापल्या घरी आतच होत्या."

तुझा आवाज चढला नव्हता. वर्गात फळ्यावरचं वाचून दाखवावं तशी बोललीस. वहिनीसाहेबांचा चेहरा उतरला. त्या मनानं चांगल्या होत्या, म्हणूनच त्यांना ते लागलं. अर्ज नुसतेच खालीवर करून त्यांनी विचारलं, "तुमचं म्हणणं काय, बाई?" तू म्हणालीस, "सगळ्यांना शाळेत बोलवा. हळद नको, कुंकू नको. डाळ मी परत वाटीन."

मग दोन दिवसांनी देवास गेटजवळच्या तुझ्या शाळेत त्या सगळ्या जमल्या. मुलींच्या तरटांवर बसल्या, आणि तूही खुर्ची सोडून त्यांच्यात जाऊन बसलीस. भैरवगडची एक जण कापडावर छापे मारणारी होती, तिला रंगाची भांडी हवी होती. एका मराठी बाईला यात्रेकरूंसाठी खाणावळ काढायची होती, ती बोलेचना, तर तू तिला विचारलंस, "आमटीत गूळ घालता का?" आणि ती जी सुरू झाली ती थांबेना. वहिनीसाहेबही आल्या होत्या. कोपऱ्यात बसून सगळ्यांना डाळ वाढत होत्या, आणि तिखट कमी पडलं म्हणून तुला टोमणाही मारून झाला. भोपाळच्या फायली सुरू व्हायच्या आत पैसे वाटले गेले. पुढे मी येई तेव्हा गोपाळमंदिराजवळ ती सिंधी बाई दिसायची, दोरीवर लाल-पिवळे इवले घागरे टांगून. मला पाहिलं की ओरडायची, "मास्टरनीजी को राम राम कहना."

शाळेतून परतताना टांग्यात मी तुला म्हटलं होतं, "आई, पुढच्या चैत्रात तू पण बाहेर बस. आता वहिनीसाहेब काही म्हणणार नाहीत." तू माझ्याकडे वळून पाहिलंस. "माझं काम अर्जांचं होतं, ते झालं. त्यात मला घुसवू नकोस." इतक्या तुटकपणे तू माझ्याशी क्वचितच बोललीस. पुढच्या चैत्रात वहिनीसाहेबांकडे हळदीकुंकू झालं, आणि तू नेहमीसारखी आत डाळ वाटलीस. बाकीच्यांचं सगळं केलंस, तुझं तेवढं राहिलं.

शाळेतल्या त्या बैठकीनंतर मी सासरी निघाले तेव्हा तू मला तुझा चांदीचा करंडा दिलास. इतकी वर्षं त्यात खडूचे तुकडे ठेवायचीस, ते काढून घासून लख्ख केला होतास. मी म्हटलं, राहू दे, तुला खडूला लागेल. तर म्हणालीस, "खडूला काय, डबी चालते." मी तो घेतला आणि वळकटीत खुपसला.

आता मीही तुझ्यासारखीच झाले, हे गेल्याला बरीच वर्षं झाली. कॉलनीतल्या सुना काही विचारत बसत नाहीत. चैत्रात घरी येतात, "काकू, इकडे बघा," म्हणून सरळ कुंकू लावतात आणि पुढच्या दारी जातात. किती सोपं आहे ते, आई. मला दर वेळी आधी तुझा राग येतो आणि मग तू इतकी हवीशी होतेस की दार लावून घ्यावं लागतं. उद्या त्या मुलाला घेऊन, फोन न उचललेल्या बायकांच्या घरी जाणार आहे. "आंटी, धूप बहुत है," असं आत्ताच फोनवर कुरकुरला. म्हटलं, टोपी घालून ये.

हे कागद पाठवायचे तरी कुठे? तुझं कौतुक करायला लिहायला बसले, असं मघापर्यंत मलाही वाटत होतं. पण तुला एक सांगते. त्या दुपारी मला त्या बायकांच्या अर्जांचं काही पडलं नव्हतं. करंडा घेऊन फिरताना मी सारखी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. तू पदराला हात पुसत बाहेर येशील आणि कुठेतरी, अगदी कडेला का होईना, बसशील, एवढंच मला हवं होतं.