सुनेच्या हातचा पहिला हंडा

॥ श्री ॥
सारंगखेडे,
ता. ४ फेब्रुवारी १९६३

चि. भिकन यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ठीक काही नाही. अक्षर चौथीपर्यंतचं आहे, पण हे पत्र चुनीलालकडून लिहवून घेण्यासारखं नाही. त्याच्या बायकोचीच गोष्ट आहे.

प्रमिला संक्रांतीला लोणखेड्याला माहेरी गेली, ती परत आलेली नाही. चुनीलाल आणायला गेला, तर नथ्थूभाईंनी जावयाला पोटभर जेवू घातलं आणि एकट्यालाच परत पाठवलं. ज्या घरात मुलीचं पाणीसुद्धा तोडलं तिथे तिला कशी पाठवू, असं म्हणाले. खोटं नाही रे. तुला अर्धंच ठाऊक आहे.

गेल्या वैशाखात अंगणात विहीर खणली आणि तुझ्या सांगण्यावरून वर स्लॅब टाकून हातपंप बसवला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पूजा करून पहिला हंडा नव्या सुनेच्या हातून भरवला. पाणी काचेसारखं होतं. संध्याकाळी बघते तर हंड्यात सगळं तांबूस आणि तळाशी गाळ. शेजारची जसोदाबाई म्हणाली, सुनेचा पायगुण. मी तिला गप्प करायचं ते सोडून तेच मनात धरून बसले. पुढे भात पिवळा, धोतरं पिवळी, आणि प्रत्येक वेळी बोल प्रमिलेला. घोड्यांच्या यात्रेला पाहुणे उतरले, त्यांचे पांढरे सदरे तिने धुतले तेही पिवळट निघाले. तेव्हा वीस माणसांत मी म्हणाले की हिने या पंपाला पुन्हा हात लावायचा नाही, हिने आपलं पाणी तापीवरून आणावं. महिनाभर पोरगी घाट चढत-उतरत होती. उलट शब्द बोलली नाही.

आता तिला जाऊन तीन आठवडे झाले. पंप मी मारते, हंडा मी भरते, आणि पाणी आहे तसंच तांबडं आहे. कालचा हंडा बघून मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

तू पाणीखात्यात ओव्हरसीअर. शहाद्याच्या एका दुकानात पाणी शुद्ध करायच्या यंत्राचं चित्र पाहिलं, ते घ्यावं का? फार उस्तवार नको असं काहीतरी सांग. धाकट्या भावापुढे एवढी उघडी पडले आहे, तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
अक्का

धुळे,
ता. ९ फेब्रुवारी १९६३

ती. स्व. अक्काच्या चरणी भिकनचा सा. न. वि. वि.

पत्र कचेरीत उघडलं आणि अर्ध्यावरच मिटून खिशात ठेवलं. तुला वाटतं तूच एकटी गुन्हेगार. तसं नाही.

दिवाळीत मी आलो होतो तेव्हा प्रमिलेने केलेला चहा काळा निघाला. मी सर्वांदेखत म्हणालो, सूनबाईंनी दौतीतली शाई पाजली. तुम्ही सगळे हसलात आणि ती आत निघून गेली. अक्का, ती खरोखर शाईच होती. पाण्यात लोखंड असलं आणि त्यात चहा पडला की असं होतं, हे मला पहिल्या घोटालाच कळलं. पण पाणी न तपासता विहीर बांधून घ्यायला लावली होती मीच. दाजींपुढे माझी चूक कबूल करणं जिवावर आलं, म्हणून थट्टा करून मोकळा झालो.

लोखंड जमिनीतूनच विरघळून येतं, तेव्हा डोळ्यांना दिसत नाही. वारा लागला की त्याचा गंज होतो आणि पाणी तांबडं दिसतं. कोणाच्या पायाचा त्यात काही संबंध नाही. खात्री हवी तर पेरूची चार पानं कुटून पेलाभर पाण्यात टाक. लोखंड असेल तर त्या चहासारखंच काळं होईल.

यंत्र घेऊ नकोस. त्याची पूड दर महिन्याला मुंबईहून मागवावी लागते. आमच्या ओळखीत एकाने घेतलं, ते तीन महिन्यांत बंद पडलं, आता त्यावर छत्री वाळत घालतात. त्यापेक्षा दोन पिंपं एकावर एक, मध्ये हातभर अंतर ठेवून बसव. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं पाड, म्हणजे पाणी धारांनी पडेल आणि त्याला वारा लागेल. खालच्यात तळाला खडी, वर तापीची धुतलेली वाळू, बुडाशी तोटी. गंज वाळूत अडकतो. पंधरा दिवसांनी वरची दोन बोटं वाळू काढून धुवायची, एवढीच उस्तवार. पण ती चुकवून चालत नाही. तेव्हा आधी घरात ठरव की वाळू कोण धुणार. बाकीचं गवंडी करील.

प्रमिलेला मी माफीचं वेगळं कार्ड टाकतो आहे. माझा मोठेपणा गेला तो गेलाच, तू मला पदरात घ्यावं.

तुझा,
भिकन

सारंगखेडे,
ता. २० फेब्रुवारी १९६३

चि. भिकन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पेरूची पानं टाकली. पाणी जांभळं-काळं झालं. तुझे दाजी पेल्याकडे बघत राहिले आणि टोपी न घालताच शेतात गेले.

पेला हातात असताना मला आषाढातली गोष्ट आठवली. प्रमिला भीत भीत म्हणाली होती की बाई, पानीमाच काहीतरी शे. खोट पाण्यातच आहे असं सांगत होती ती, आणि मी तिला म्हणाले, तोंड चालवू नको, हात चालव. म्हणजे ओव्हरसीअर माझ्या घरातच होता.

पिंपं बसली. चौथ्या दिवसापासून पाणी निवळ येतं आणि रात्रभर ठेवलं तरी तसंच राहतं. वाळू मी धुणार. सून आल्यावर ती धुवेल, असं आधी माझ्या मनात येऊन गेलं होतं, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

दाजी म्हणतात चुनीलालला पुन्हा पाठवू. मी नको म्हटलं. बोलले मी, चारचौघांत बोलले, तर चारचौघांत मीच जायला हवं. सोमवारी जसोदाबाईला घेऊन निघते. पाय उचलत नाहीत, पण जाईन. मनातून आमच्या पाठीशी राहा.

अक्का

सारंगखेडे,
ता. २४ मार्च १९६३

चि. भिकन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

प्रमिला आली. नथ्थूभाईंच्या ओसरीवर त्यांच्या भाऊबंदांसमोर मी चूक माझी म्हणून सांगितलं, पिंपांचं आणि वाळूचंही सांगितलं. तिने एकच विचारलं, वाळू कोण धुतं. मी म्हटलं मी धुते. तेव्हा ती उठून लुगडी आवरू लागली.

इथे आल्यावर पिंपाला हळदकुंकू लावलं आणि जसोदाबाईसकट सगळ्या बायकांसमोर तिला म्हटलं, पहिला हंडा तू भर, पंप तुझा आहे. ती बरं म्हणाली, रिकामा हंडा उचलला आणि तापीवर गेली.

तेव्हापासून रोज जायची. चुलीपाशी माझ्याशी नीट बोलते, हसतेसुद्धा, तुझं कार्ड तिने देवघरात जपून ठेवलं आहे. पण पंपाला हात लावायची नाही आणि तोटीचं पाणी प्यायची नाही. वीस माणसांत दिलेला हुकूम एका हळदकुंकवाने कसा परत घ्यायचा, हे मला कळेना. मग मीही आपला हंडा घेऊन तिच्या मागून निघाले. सोळा दिवस तसं चाललं. घरात निवळ पाणी असून सासू-सुना नदीवरून पाणी आणतात, म्हणून गाव हसलं. हसू दे.

माझे गुडघे तुला माहीत आहेत. काल घाटाच्या मधल्या पायरीवर मी थांबले. प्रमिला मागे वळली, माझ्या डोक्यावरचा हंडा उतरवला आणि पायरीवर ओतून टाकला. आपलाही ओतला. घरी येऊन तिने पंप मारला, पिंप भरलं आणि तोटीखालचा पहिला पेला मला दिला. मला तिच्याकडे वर बघवलं नाही.

आज वाळू धुवायची आहे. तिने मदतीला येऊ का विचारलं, मी नाही म्हटलं. सवड काढून ये, चहा आता चहासारखा होतो.

तुझी,
अक्का