जकार्ताची फायनल

३ जानेवारी २०१६, रविवार, सायंकाळ
अफगाणिस्तानला हरवलं! २-१. दक्षिण आशियाचा सॅफ कप सातव्यांदा आपला. गेल्या जूनमध्ये ग्वामसारख्या चिमुकल्या बेटाकडून हरलेली हीच टीम. आजच ठरवलं: भारतीय फुटबॉल टीमचा संपूर्ण इतिहास लिहायचा. रोज चार पानं. मार्चअखेर पुस्तक तयार. रिटायर माणसाला अवघड काय आहे?

५ जानेवारी
खुलताबादला मोतीराम सरांना फोन केला. सिल्लोडच्या शाळेत मला गोलकीपर केलं ते त्यांनीच. आता अठ्ठ्याहत्तर वय, वाचायला दिसत नाही. लई खूश झाले. म्हणाले, "पुंडलिक, बासष्टच्या एशियाडची, जकार्ताची फायनल आधी लिही. तवा पेपरात दोन ओळी वाचल्या होत्या. गोल कसे झाले, मला अजून ठाव नाय. ये, वाचून दाखव."
समजावलं की इतिहास क्रमानंच लिहावा लागतो. सर "बरं" म्हणाले. पटलं असावं.

२६ जानेवारी
प्रस्तावनाच अकरा पानं. अर्पणपत्रिका चौथ्यांदा बदलली. सत्यशीला म्हणते, अहो, खुलताबाद काय लांब आहे, नुसतं भेटून या. रिकाम्या हातानं? बायकोला लेखन म्हणजे काय ते कळत नाही.

१४ फेब्रुवारी
१९४८, लंडन ऑलिम्पिक. आपले बरेच जण अनवाणी. फ्रान्सकडून १-२ हार, दोन पेनल्टी वाया. त्या दोन पेनल्टींवर सोळा पानं झाली. गोलकीपरची नजर!
नळाला पाणी सहाव्या दिवशी. टँकरच्या रांगेत सकाळ गेली. अशानं इतिहास कसा व्हायचा?

२ मार्च
सरांच्या सुनेचा, मनकर्णाबाईंचा फोन. सरांना उजव्या कानानं ऐकू येईना. रोज विचारतात, पुंडलिक कधी येणार. म्हटलं, डावा ठीक आहे ना? मोठ्यानं वाचीन. घाई केली तर क्वालिटी जाते.

२० मार्च
फील्डवर्क. सिल्लोडला जाऊन शाळेचं जुनं मैदान बघितलं. प्लॉट पडलेत. गोलपोस्ट होती तिथं बोअर घेत होते. सातशे फूट, नुसती धूळ. थोडा वेळ उभा राहिलो. तसं पुस्तकात घेण्यासारखं काही नव्हतं.
सत्यशीला म्हणाली, "सिल्लोडला जायला बरं जमलं!"

८ एप्रिल, पाडवा
मार्चअखेर हुकली. कारणं बाहेरची. पण १९५१ झालं, दिल्लीच्या एशियाडमध्ये इराणवर १-०, सुवर्णपदक. छप्पन्नचं मेलबर्नही झालं, ऑस्ट्रेलियाला ४-२, ऑलिम्पिकमध्ये चौथे.
सत्यशीला म्हणाली, "जकार्ता तुम्ही मुद्दाम लांबवताय. ते लिहिलं की पुढं काय उरतं?"
साफ खोटं. चौसष्टला आशिया कपमध्ये दुसरे होतो. सत्तरला ब्राँझ. त्यानंतर... त्यानंतरचं बघू.

२९ एप्रिल
मनकर्णाबाईंचा दोनदा फोन. उचलला नाही. साठचं रोम ऑलिम्पिक लिहिणं चालू आहे.

१५ मे
जकार्ता एका बैठकीत झालं. नऊ पानं. साडेचार महिने कशाला थांबलो होतो कोण जाणे. उद्या पहिल्या बसनं जाणार.

१६ मे
सर ओसरीवर बाजेवर होते. लई वाळलेत. पाया पडलो, डाव्या बाजूला बसून वाचायला लागलो. स्टेडियम भरलेलं, सगळे आपल्या विरोधात ओरडतायत. डोक्याला टाके पडलेला आपला बचावपटू फॉरवर्डला खेळतोय आणि गोल करतोय. सर मान हलवत होते. माझा आवाज चढला.
मनकर्णाबाई पाणी घेऊन आल्या. हळूच म्हणाल्या, "भाऊ, पंधरा-वीस दिवस झाले, त्यांना काहीच ऐकू येत नाय. समोर कुणाचं तोंड हललं की मान हलवतात. तेच सांगायला फोन लावत होते."
पानं मिटायला हवी होती. मिटली नाहीत. शेवटपर्यंत वाचलं. कोरिया एक, भारत दोन.
सरांचा हात हातात घेतला. त्यांनी तोंड सुनेकडं वळवलं अन् म्हणाले, "यांना चहा दे. आणि पुंडलिक आला की मला उठव. तो मला फायनल वाचून दाखवणार आहे."
चहा घेतला.