रिचार्जची सभा

प्रिय रहीमचाचा,

तुम्ही गेलात त्याला काल चाळीस दिवस झाले; तुमच्या चाळिसाव्याला चिखलीत आले होते. चाचींनी जेवायला वाढलं आणि वाढता वाढता एक गोष्ट सांगितली. ती ऐकली, म्हणून लिहायला बसले.

आम्ही कॉलेजची सहा पोरं-पोरी तुमच्या टिनच्या दुकानात आलो होतो, आठवतं? उन्हाळ्यात मोहल्ल्याची बोरिंग आटते, म्हणून पत्र्यांवरचं पावसाचं पाणी खड्ड्यात जिरवून ती रिचार्ज करायची, हा आमचा प्रकल्प. पहिल्या सभेला दोन म्हाताऱ्या आणि एक बकरी आली होती! मी तुमच्यापुढे नकाशा उघडला. तुम्ही पत्रा कापायची कात्री बाजूला ठेवून सगळं ऐकलं. म्हणालात, "समजलं बेटी. लोकं मी जमा करतो."

आणि केलेत की! शाळेचं अंगण भरलं. पण ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. "रिचार्ज कवा मारून देता?" बाया विचारायला लागल्या. कॉलेजवाले फुकट रिचार्ज करून देणार, असं तुम्ही घरोघरी सांगितलं होतं. मागे आमचे सर उभे. माझं डोकंच फिरलं. भरसभेत ओरडले, "चाचा, समजत नाही तर बोलता काऊन?"

तुम्ही टोपी काढली, पुन्हा घातली. "चुकलं मॅडम. आता लोकं आलेच हायत, तर सांगून टाका."

मी सांगितलं. कोणी उठून गेलं नाही. खड्डा खोदायला माणसं तिथंच ठरली. पुढे सगळ्या घरांच्या पन्हळी तुम्हीच करून दिल्या. मी टेप लावून उतार मोजत बसायची, तुम्ही तांब्याभर पाणी ओतून मोकळे व्हायचात.

पण मला पुन्हा कधी बेटी म्हणाला नाहीत. एवढा राग धरायचा का हो? मीही काही कमी नाही. अहवालात लिहून टाकलं, 'एका स्थानिक नागरिकाच्या अज्ञानामुळे गैरसमज झाला.' तुमचं नावसुद्धा नाही त्यात.

काल चाची म्हणाल्या, "त्यांले सारं समजत व्हतं, बेटा. म्हणे, पाण्याच्या सभेले कोन येते? रिचार्ज म्हटलं का पळत येतीन."

"मग तेव्हा बोलले काऊन नाही?"

"म्हणे, लेकरू आपल्या सरासमोर उभं हाय. तिची इज्जत जाईन."

बाई गं! तुम्ही माझी इज्जत राखली आणि मी तुमची घालवली. चार महिने रोज भेटत होतो, चाचा. एकदा कान पकडून सांगायचं होतं की मला! आणि तुम्ही खरंच चुकला असता, तरी तसं बोलायचा मला काय अधिकार होता? लाज वाटते.

बोरिंगला यंदा मे लागला तरी पाणी आहे. पावसाआधी खड्डा कोणी साफ करायचा, ते ठरवायला शुक्रवारी नमाजानंतर त्याच अंगणात सभा आहे. सरांनाही बोलावलंय. अहवालातलं ते वाक्य मी तिथं वाचून दाखवणार, ते खोटं आहे म्हणून सांगणार आणि तुमचं नाव घेऊन माफी मागणार. चाची येते म्हणाल्यात. त्यांनी माफ केलं नाही, तरी मी बोलणार.

ओरडले सगळ्यांसमोर, मग माफी या पत्रात मागून कशी चालेल?

तुमची,
वर्षा