बेडक्यानं पाणी चावलं तेव्हा

२ मे

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्याखाली भावोजींनी खरडलेलं, की सरकारनं यापुढे पगार कुत्र्याला द्यावा आणि बिस्किटं मेहुण्याला, ते मी आमच्या श्वानपथकात मोठ्यानं वाचून दाखवलं. साहेब पोट धरून हसले.

तर बेडक्या यंदाच्या परीक्षेतही पास! दोन पथकांनी नको म्हटलेलं कुत्रं हे. बादली दिसली की उलटी करणार, पाइप सोडला की धारेवर झडप घालणार, जीभ लोंबेपर्यंत थांबायचं नाव नाही. पण आमचे शिकवणारे म्हणाले, खेळाचं एवढं वेड आहे तोच काम करेल. बुडालेल्या माणसाचा वास पाण्यावर येतो. एरवी बेडक्या पाण्यावर पंजे मारतो. तो वास लागला की मात्र होडीतून वाकून पाणी चावतो. मग मी लगेच त्याचा चेंडू पाण्यात फेकायचा. त्याच्या लेखी सगळा खेळच. अट एवढीच की फेकताना मी मनापासून हसायचं, टाळ्या वाजवायच्या, काठावर कुणी का रडत असेना. खोटं हसलं तर त्याला बरोबर कळतं. आत्तापर्यंत तीनदा हसलोय. त्या दिवशी घरी जेवण जात नाही.

भावोजींच्या बदलीचं काय झालं? खुशाल भांडा, पण मला पंच करू नका. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

१९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आज सहावा दिवस. तलावावरच्या पंपघराच्या वहीत पाळी संपल्याची ह्यांची सही आहे, त्यानंतर कुणीच पाहिलं नाही. तू बेडक्याला घेऊन तलावभर फिरलास आणि पाण्यात काही नाही म्हणालास, तेव्हा मी तिथूनच देवाला हात जोडले. सुटले, असं वाटलं रे.

पण आता दुसरंच डोकं खातंय. पाण्यात नाहीत, मग आहेत कुठे? आदल्या दिवशी बदलीवरून आमचं वाजलं होतं. मी म्हणाले होते, जायचं तर एकटे जा. तेच खरं केलं की काय ह्यांनी? रोज फोटो घेऊन बसस्टँडवर जाते. कंडक्टर मला ओळखायला लागलेत, लांबूनच मान हलवतात. शेजारीण म्हणते, पुरुष असे जातात, चार दिवसांनी येतात. तिला काय जातंय बोलायला! धाकट्या, ते जिवंत असतील तर मी त्यांना आयुष्यात माफ करणार नाही.

काल आलेल्या तुझ्या पत्राच्या पाकिटावर ‘सौ.’ लिहिताना तुझा हात अडखळला, तिथे शाई पसरलीय. मला भलतंसलतं सुचतं. एकदाच शपथेवर लिही, बेडक्याला खरंच काही लागलं नव्हतं ना?

काळजी घे. माझ्यावर जीव असू दे.

तुझी ताई

२४ जून

ती. ताईस,
नमस्कार लिहायचंही तोंड नाही.

शपथ घेता येत नाही. लागलं होतं.

पहिल्याच दिवशी, पंपघराच्या जाळीपाशी, तिसऱ्या खांबाजवळ. बेडक्यानं पाणी चावलं आणि वळून माझ्याकडे बघितलं. चेंडू माझ्या हातात होता. तू काठावर पदर तोंडात धरून उभी होतीस. ताई, मला हसता येईना. चेंडू फेकला असता तर भावोजी खरंच गेले असते. मी पट्टा ओढला. साहेबांनी विचारलं तर म्हणालो, काही नाही, पाणी दिसलं की हा खेळतोच. त्याचं वेड सगळ्यांना ठाऊक, कुणाला शंकाही आली नाही.

उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत दहा दिवस काढले. मी चोर आहे. बेडक्याला तेव्हापासून पाणी नको झालंय. नळ सोडला तरी भिंतीकडे तोंड करून बसतो.

आज साहेबांना सगळं सांगितलं. हे पत्र घेऊन पथकातला माणूसच येतोय. परवा पाणबुडे उतरतील. मी तिथे असेन. तू यावंस असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

तुझाच, असं अजून म्हणवतं का माहीत नाही,
धाकटा

३० जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

जाळीत शेवाळाचा गुंता अडकला होता, म्हणून हे पाळी संपल्यावर परत पाण्यात उतरले होते. पाणबुड्यांना सापडले तेव्हा तो गुंता त्यांच्या हातातच होता. म्हणजे ते कुठे निघूनबिघून गेले नव्हते. घरीच यायचे होते.

तू हसला नाहीस, त्याचा मला राग नाही. माझ्यादेखत हसला असतास तर तुझं थोबाडच फोडलं असतं. पण ते दहा दिवस, धाकट्या! मेलेल्या माणसाला मी उठता-बसता शिव्या घातल्या. पळपुटा म्हणाले. बसस्टँडवर परक्या माणसांपुढे म्हणाले. हे मी आता कुणापाशी परत घेऊ?

बेडक्याला त्याचा चेंडू दे. त्या मुक्या जिवानं आपलं काम चोख केलं होतं.

एक सांगायचं राहिलं. दवाखान्याच्या मागच्या दाराशी मी तुझ्या अंगातला शर्ट मागितला, तू काही न विचारता काढून दिलास. तुला वाटलं असेल, मला हुडहुडी भरलीय. तिथल्या माणसानं ह्यांना घालायला कपडे मागितले होते. घरी एकही नव्हता. बाविसाव्या तारखेला, बसस्टँडवरून आल्यावर, मी रागाच्या भरात कपाट रिकामं केलं होतं. ह्यांच्या सगळ्या कपड्यांचं गाठोडं जुने कपडे नेणाऱ्या गाडीवर टाकलं.

तुझा शर्ट ह्यांना अपुरा झाला. बाह्या मनगटापर्यंत पोचल्या नाहीत. मी खूप ओढून पाहिल्या.

जीव आहे तुझ्यावर, तो कुठे जाणार? पण इतक्यात येऊ नकोस.

ताई