रोज्याच्या महिन्यातलं उपोषण

भाईंदर,
रमजानचा शेवटचा आठवडा, १९७२

आदरणीय महामूदमामू यांस,

तुमच्या भाच्याचा, जैनुद्दीनचा (अब्बांचं पत्र वाचूनही तुम्ही मला भाचा मानत असाल, असं धरून) दोन्ही हातांनी सलाम. मामीजानचे गुडघे कसे आहेत? यंदा पावसाने तोंड फिरवलं, तुमच्या नारळांचं काय झालं? इकडे अम्मी खुशाल आहे. अब्बाही खुशाल आहेत, फक्त माझ्याशी बोलत नाहीत.

अब्बांनी तुम्हाला कळवलंय की पोरगा हातचा गेला, कॉलेजात जाऊन पुढारी झाला आणि पवित्र महिन्यात लोकांच्या दारात जाऊन बसला. यातलं दारात बसलो एवढं खरं आहे. पुढारी झालो असतो तर निदान अंगावर बरा सदरा असता.

दार रघूदादांचं. जुनं मिठागरवालं घर. विहीर सगळ्या वाडीची, पण ती त्यांच्या अंगणात. यंदा बाकीच्या विहिरी मचूळ झाल्या, गोडं पाणी उरलं ते इथंच. मिठागरावर राबणाऱ्या बौद्धवाडीतल्या बायकांनी मात्र हंडे घेऊन लांब उभं राहायचं, आणि कुणाला दया आली, त्याने वरून ओतलं तर न्यायचं. दुर्गामावशीलाही (अम्मी आजारी होती तेव्हा मला कडेवर घेऊन फिरली ती) मी तशीच ताटकळताना पाहिली. कॉलेजच्या शिबिरात मी समतेची गाणी सगळ्यांत मोठ्याने म्हणतो, मामू. त्या दिवशी घरी येऊन माझ्याच्याने जेववलं नाही. फार लाज वाटली.

तेव्हा मी उपोषण जाहीर केलं. माझा मित्र लवू याने ‘बेमुदत उपोषण’ अशी पाटी रंगवून दिली. तारीख मी कॉलेजच्या सुट्टीवरून ठरवली. रमजान लागतोय हे काय मला ठाऊक नव्हतं? पण दोन उपास एकावर एक बसले की काय होतं, हा विचार मात्र डोक्यात आला नाही. मी अंगणात बसलो, तर रघूदादा पाटी वाचून म्हणाले, “अरे, तुझा तर रोजाच हाय. यात आमच्यासाठी काय केलंस?” त्यात नवरात्र. निम्मी वाडी माझ्याआधीच उपाशी. धाक दाखवणार कुणाला? आणि दिवस मावळला की रोजा सोडावाच लागतो, त्यामुळे माझं बेमुदत उपोषण रोज संध्याकाळी सुटायचं. सोडवायला येणार कोण, तर रघूदादांची आई, जिजाकाकी. त्यांचे नऊ दिवसांचे उपास. दारात उपाशी माणूस असताना फराळाला बसायचं नाही, हा त्यांचा नेम. म्हणून त्याच तांब्याभर पाणी आणि रताळी घेऊन हजर. सत्याग्रहाचा असा पाहुणचार कुठे पाहिलाय का?

एका संध्याकाळी मी वैतागलो. म्हणालो, “काकी, तुमच्या हातचं नको. दुर्गामावशी स्वतः शेंदेल, त्या पाण्यानेच रोजा सोडीन.” (हे मी ठरवून केलं असं लवू सगळीकडे सांगतो. मुळीच नाही. तोंडातून निघून गेलं.) लांबून अजान ऐकू आली. माझी जीभ टाळूला चिकटलेली. मावशी हंडा घेऊन नेहमीसारखी लांब उभी होती, ती जागची हलेना. म्हणाली, “मला न्हाय पडायचं यात, बाबा. तू उद्या कॉलेजात जाशील, मला इथंच राहायचं हाय.” शिबिरात हे कुणी शिकवलं नव्हतं. जिजाकाकी तांब्या घेऊन उभ्या, मी उपाशी म्हणून त्याही उपाशी. शेवटी त्या मावशीवरच खेकसल्या, “धर गो बादली. उपाशी पोर दारान ठेवून मी जेवाची न्हाय.”

मावशीने पाणी काढलं. निम्मं सांडलं. मी प्यायलो आणि सगळ्यांदेखत रडलो. (अब्बांनी हे लिहिलं नसेल.) रघूदादांनी बजावलं, “रोज्यापुरता पानी. बाकी काय न्हाय.” पण बादली हातात असली की हंडाही भरून घेता येतो. मावशीपाठोपाठ बाकीच्याही भरू लागल्या. दसरा झाला, काकींचे उपास सुटले, तरी माझ्या रोज्याच्या निमित्ताने हे रोज संध्याकाळी चाललंय. मामीजानना सलाम, मुलांना दुआ.

तुमचा,
जैनू

ता. क. खरं काम राहिलंच. ईद तोंडावर आली. रोजे संपले की रघूदादा बादली काढून घेणार. ईदनंतरचे सहा रोजे मला माहीत आहेत. त्यापुढे वर्षभरात आणखी कोणते ठेवता येतात, ते तुमच्या मौलवीसाहेबांना विचारून कळवा. सोमवार आणि एकादशी जिजाकाकी आपल्या उपासांच्या निमित्ताने सांभाळणार आहेत.

ता. क. दुसरा. पाकीट पुन्हा उघडलंय. आज भर दुपारी मी घरात झोपलेलो असताना दुर्गामावशी एकटी अंगणात गेली, दोन हंडे भरले आणि डोक्यावर घेऊन निघाली. मी नाही, रोजा सोडणं नाही, काही नाही. जिजाकाकी ओटीवर तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही म्हणे. रघूदादा बाहेर आले आणि परत आत गेले. तिने मला उठवलंही नाही, याचं क्षणभर वाईट वाटलं. मग इतकं बरं वाटलं की अब्बांशी आपण होऊन बोललो.

तेव्हा मौलवीसाहेबांना त्रास देऊ नका. त्याऐवजी तुमच्याकडचा काथ्याचा चांगला दोर पाठवा. जरा लांबच पाठवा, पाणी खोल गेलंय आणि शेंदणारे हात वाढलेत.