नळीबाबतचा निर्णय

३ ऑगस्ट २०१५
आजपासून रोजनिशी. मोठा निर्णय घ्यायचा असला की माणसाने लिहून काढावं, असं नोंग दादो म्हणतात. नोंग दादो म्हणजे आमचे मालक; वयाने मोठ्या माणसाला इकडे नोंग म्हणतात. मांदावे शहराच्या बाजारामागे त्यांचं व्हेपचं, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटचं, दुकान आहे, आणि ते चालवतो मी. म्हणजे ते असतात, पण बोलतो मी.

निर्णय असा : मेक ओढायचा की नाही.

मेक म्हणजे पितळेची नळी. आत एक बॅटरी, बुडाला बटण, वर तारेचं वेटोळं आणि कापूस. चिप नाही, फ्यूज नाही. काही चुकलं तर थांबवणारं कोणी नाही. माझ्याकडे चिपवाला लहान डबा आहे, तो जरा काही बिघडलं की स्वतःच बंद पडतो. सिगारेट त्यानेच सोडवली माझी. पण डबा चारचौघांत काढण्यासारखा नाही. इकडे खरा गडी नळीवाला. आणि नोकरी मागायला आलो तेव्हा मी सांगून बसलोय की दोन वर्षं मेकच ओढतो. ते खोटं नव्हतं. आगाऊ खरं होतं.

सध्या डबा दुकानामागच्या संडासात ओढतो. आंब्याचा फ्लेवर. नोंग दादो परवा म्हणाले, आपल्या संडासाला वास किती छान येतो.

५ ऑगस्ट
मोठी बातमी. नोंग दादो समुद्रापलीकडे ताग्बिलारानला दुसरं दुकान काढतायत. म्हणाले, "दोंग, तिथे विश्वासाचा माणूस हवा." दोंग म्हणजे पोरा, आणि हे माझ्याकडे बघून म्हणाले. मग म्हणाले, २८ तारखेला आपल्या बारांगायचा, म्हणजे वस्तीचा, उत्सव, त्यात धुराची स्पर्धा आहे, ज्याचा ढग मोठा तो जिंकला. दुकानातर्फे तुझं नाव दिलंय. जिंकायची गरज नाही. लोकांसमोर नळी ओढ आणि दुसऱ्या दिवशी किल्ली घे. नळीला घाबरणाऱ्याच्या हाती नळ्यांचं दुकान कसं द्यायचं?

मी हसलो. हसू जरा लांबलं.

मानांग फेलिसाला सांगितलं. माझी मोठी बहीण. शिलाई करते, तिच्याच घरी माझी चटई असते. तिने मशीन थांबवलंसुद्धा नाही. म्हणाली, "गिटारचा कारखाना सोडलास, खेकड्यांचं पॅकिंग सोडलंस, पेट्रोल पंप एका दुपारी सोडलास. हेही गेलं तर बोटीत बस आणि सिकिहोरला बाबांकडे खोबरं वाळवायला जा. चटई मी गुंडाळून ठेवीन."

मी नोकऱ्या सोडत नाही. नोकऱ्यांना माझा वेग झेपत नाही.

पण खोबरं नको. दिवसभर नारळ उलटे करायचे, आणि बाबा शेजारी बसून गप्प.

८ ऑगस्ट
दुकानासाठी सूचनांचा बोर्ड रंगवला. लाल रंग, मोठी अक्षरं :
फाटक्या कव्हरची बॅटरी वापरू नका.
सुटी बॅटरी नाण्यांसोबत खिशात ठेवू नका.
घाई करू नका.
खाली कवटी काढली. शेजारच्या गाड्यावर गेमा भाजलेलं डुकराचं मांस आणि पानात बांधलेला भात विकते. ती हात पुसत आली. "प्रोफेसर, नारळ छान काढलायस."

मग म्हणाली, नाण्यांसोबत ठेवली तर काय होतं? मी समजावलं. नाणं बॅटरीच्या दोन टोकांना जोडतं, सगळा करंट एकदम बाहेर येतो, बॅटरी तापते, फुटते, जाळ होतो.

"म्हणजे खिशात चूल."
"तसंच काहीसं."
"आणि पेटली तर काय करायचं?"
"लांब फेकायची आणि भरपूर पाणी."

ती मान हलवून गेली. साध्या माणसांना समजावून सांगायची कला माझ्यात आहे. ताग्बिलारानला उपयोगी पडेल.

११ ऑगस्ट
नोंग दादोंनी स्वतःची नळी दिली. पितळेची, अंगावर कोंबडा कोरलेला. जड आहे. हातात घेतली की माणूस बदलतो. दिवसभर हातातच होती. गिऱ्हाइकाचे सुटे पैसे परत देतानाही होती.

आरशासमोर सराव केला. बॅटरी न घालता. अंगठ्याची हालचाल उत्तम.

१३ ऑगस्ट
मेक ओढायचा तर ओहमचा हिशोब यायला हवा. तार किती बारीक, वेटोळे किती, बॅटरी किती सोसेल. शाळेत हे होतं, पण त्या वर्षी मी फारसा शाळेत नव्हतो. आज इंटरनेट कॅफेत जाऊन पक्कं करून टाकणार.

संध्याकाळी : कॅफेच्या वाटेवर पलीकडच्या बारांगायचं मैदान लागतं. त्यांच्या बास्केटबॉलच्या संघात एक जण कमी होता. उंच आहे म्हणून मला ओढलं. निळी चड्डी दिली, मागे त्यांच्या बारांगायचं नाव, आकडा बारा. हरलो, पण माझ्यामुळे नाही. चड्डी परत करायची राहिली. आमच्या बारांगायचा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा आहे, त्यामुळे ती मानांगच्या दोरीवर मी आतल्या बाजूने वाळत घातली.

ओहम उद्या.

१४ ऑगस्ट
ओहम वाचला. तीन अक्षरं आहेत, एकाला दुसऱ्याने भागायचं. कुठल्याला कुठल्याने हे कॅफेतून बाहेर पडेपर्यंत माहीत होतं.

१७ ऑगस्ट
आज नक्की. जेवणाच्या सुट्टीत नळी घेऊन धक्क्यावर गेलो. एकांत, वारा. बॅटरी घातली. बटणाचं कुलूप उघडलं. अंगठा ठेवला. तेवढ्यात कुत्रं भुंकलं. भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर पहिला झुरका घेणं मला बरं वाटलं नाही. कुलूप लावलं, बॅटरी काढली, बसने लिलोआनपर्यंत जाऊन परत आलो. लिलोआनला काही काम नव्हतं. बसल्या जागी चैन पडत नव्हतं एवढंच.

१९ ऑगस्ट
हवा दमट. दमट हवेत पितळ कसं वागेल सांगता येत नाही.

२० ऑगस्ट
हवा कोरडी. कोरड्या हवेत कापूस लवकर पेटतो.

२२ ऑगस्ट
गिऱ्हाईक आलं, नुकती मिसरूड फुटलेलं. विचारलं, मेक घेऊ का? मी पाऊण तास बोललो. शेवटी तो डबा घेऊन गेला. नोंग दादो कोपऱ्यातून म्हणाले, "दोंग, तू नळ्या विकतोस की नळ्यांपासून वाचवतोस?"

२३ ऑगस्ट
रविवार. चर्चला गेलो. मागितलं की २८ तारखेपर्यंत काहीतरी होऊ दे. वादळ चालेल असं सुचवलं.

येताना गेमाच्या गाड्यावर जेवलो. तिला म्हटलं, ताग्बिलारानला गेल्यावर तुला काउंटरवर घेईन. म्हणाली, "आधी बटण दाब." मी म्हटलं, बटण दाबणं हा प्रश्नच नाही. ती म्हणाली, "मग प्रश्न काय आहे?" मला उत्तर सुचलं, पण तेव्हा मी घरी पोचलो होतो आणि आता आठवत नाही.

२६ ऑगस्ट
वादळाची दिशा बदलून तैवानकडे.

रात्री पाय थांबत नाहीत. मानांग म्हणाली, मशीनला जोडू का, चार कपडे शिवून होतील.

२८ ऑगस्ट, सकाळी
उत्सव. ढोल ऐकू येतायत. मन शांत. सगळी तयारी :
नळीतून बॅटरी बाहेर काढली. गर्दीत कोणाचा धक्का लागून बटण दाबलं गेलं तर? ऐन वेळी स्टेजवर घालीन. सुरक्षितता ही भीती नसते, शिस्त असते.
बॅटरीची प्लॅस्टिकची डबी सापडत नाही. भाचीने तीत मुंग्या ठेवल्यात. तूर्त बॅटरी पँटच्या उजव्या खिशात.
बॅटरीचं कव्हर डोक्याशी जरा फाटलंय. बाकी सगळं शाबूत आहे.
धुतलेलं काही नाही, म्हणून पँटखाली निळी चड्डी. कोण बघतंय.
जीपनीच्या, म्हणजे प्रवासी जीपच्या, भाड्याला सुटी नाणी घेतली. उजव्या खिशात. डाव्याला भोक आहे.
निघतो. परत येईन तो ताग्बिलारानचा माणूस म्हणून.

२९ ऑगस्ट
उजव्या मांडीला मलम. डाव्या कुशीवर लिहितोय, अक्षर वाकडं येईल.

घडलं ते असं. माझं नाव पुकारलं. स्टेजवर चढलो. नळी वर धरली, कोंबडा उन्हात चमकला, टाळ्या पडल्या. नोंग दादो पहिल्या रांगेत, मानांग त्यांच्या मागे. पुढे गेमा, बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवलेली बादली घेऊन, कारण उत्सवात ती थंड पेयंही विकते. मी बॅटरीसाठी खिशात हात घातला आणि लगेच काढला. खिसा गरम होता. पटकन वाटलं, घाबरल्यामुळे असेल. मी तर घाबरलेला नव्हतो.

मग मांडीला चटका बसला. मी एका पायावर उडालो. ढोलवाल्याला वाटलं नाच आहे, त्याने ताल धरला. सात-आठ उड्या तालात पडल्या असतील. मग खिशातून धूर निघाला. पांढरा, जाड, छपराला लागला. माइकवाला म्हणाला, "बघा, काय ढग आहे. दोंग, फ्लेवर कुठला?"

पँट काढली आणि लांब फेकली. तोवर गेमा स्टेजवर आली होती. पोरांना मागे ढकललं आणि बादली, बाटल्यांसकट, पँटवर ओतली. वरून कोणीतरी आणून दिलेली पाण्याची आणखी एक. आवाज झाला, फुस्स, आणि संपलं. नळी माझ्या हातात थंडगार होती.

मग मी वळलो आणि लोकांना चड्डीच्या मागचं नाव दिसलं.

आगीला कोणी काही म्हणालं नव्हतं. चड्डीला मात्र अख्खा बारांगाय ओरडला. फितूर म्हणाले. एक म्हातारी चप्पल काढून आली. मानांगने मला शालीत गुंडाळून नेलं. वाटेत एवढंच म्हणाली, "आतल्या बाजूने का वाळत घालतोस ते आज कळलं."

३१ ऑगस्ट
नोंग दादो भेटायला आले. केळी आणली. मी म्हटलं, नळी ओढायचीच होती हो, दोन वर्षांची सवय.

म्हणाले, "दोंग, संडासातला आंबा मला कळत नाही असं वाटलं तुला?"

मी केळं सोललं.

म्हणाले, "मीही डबाच ओढतो. नळी एकदा हातात तापली तेव्हापासून. मला वाटलं, स्टेजवर गेलास की म्हणशील, नोंग, मला नाही जमत. तेवढंच ऐकायचं होतं. तिकडे पोरं येणार नळ्या मागायला. ज्याला स्वतःला नाही म्हणता येतं, तोच त्यांना नाही म्हणेल."

म्हणजे मी पहिल्यापासून बरोबर होतो. मनात नाहीच म्हणत होतो. फक्त ते बाहेर यायचं राहिलं. किल्लीचं विचारलं.

किल्ली त्यांनी गेमाला दिली. म्हणाले, तुझं सगळं भाषण तिला पाठ आहे. फरक एवढाच की तिने ते ऐकलं होतं.

२ सप्टेंबर
मानांगने बोटीच्या वेळा आणल्या. सिकिहोरच्या. चटई गुंडाळलेली दिसली.

दुकानात शेवटचं जाऊन आलो. माझी पँट बोर्डाशेजारी खिळ्याने ठोकलीय. जळका खिसा बरोबर दुसऱ्या, नाण्यांच्या ओळीसमोर येतो. गिऱ्हाइकं फोटो काढतात. मला कोणी ओळखलं नाही. एकाला मी समजावलं, हा कोणी अडाणी माणूस असणार. गेमा मागेच उभी होती.

म्हणाली, "ताग्बिलारानला येतोस का? बोलायला माणूस हवा. बॅटरीला हात लावायचा नाही."

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

"आणि येणार असशील तर सगळे खिसे शिवून ये."

हो म्हणालो. विचार वाटेत करता येतो.

६ सप्टेंबर
बोटीवर. मानांगने तिन्ही पँटचे आणि शर्टाचे खिसे शिवले. दुहेरी टाका. धक्क्यावर निरोपाला आली होती, माझ्या कुल्ल्यावर थापटी मारून टाका तपासला. चटईबद्दल काही बोलली नाही.

मेकबाबत : निर्णय अजून झालेला नाही. घाई करू नका हे मीच लिहिलंय.

गेमा समोर बसलीय. किल्ली तिच्या गळ्यात, माझा डबा तिच्या पिशवीत. माझं तिकीट मी दातात धरलंय. बराच वेळ झाला, हात कुठे ठेवावेत कळत नाही.